एकाहत्तर सालचा वजीर

अंबरनाथ पूर्वेला वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी बुद्धिबळाचे पट मांडले जात, आणि पटांपेक्षा वादच जास्त रंगत. दौलतराव शेलार तिथे नेमाने येत, पण खेळत क्वचित. बारवी धरणाच्या पाण्याच्या पंपहाउसवर ते ऑपरेटर होते. पाळी संपली की घरी येऊन अंघोळ उरकायची, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि वाचनालयात येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. ती खुर्ची त्यांना कुणी नेमून दिली नव्हती. पण त्यांच्याआधी आलेला माणूसही तिथे बसत नसे.

हा मान त्यांना एका डावाने मिळवून दिला होता. एकाहत्तर साली याच वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये तालुक्याच्या अजिंक्यपदाचा शेवटचा सामना झाला. समोर बदलापूरच्या पलीकडचा, एरंजाडचा सदू भोईर होता. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. सदूचं पारडं जड होतं, त्याच्याकडे एक प्यादंही जास्त होतं. दौलतराव बराच वेळ पटाकडे बघत बसले आणि मग त्यांनी आपल्या वजिराने सदूच्या राजासमोरचं प्यादं मारलं. म्हणजे वजीर सरळ राजाच्या तोंडातच दिला. "अरे अरे अरे," मागून कुणीतरी म्हणालं. सदूच्या राजाने वजीर मारला. लगेच घोड्याचा शह आला. सदूचा राजा कोपऱ्यात परतला, आणि हत्ती आणि उंटाने मिळून त्याला तिथेच कोंडून मात दिली.

त्या दिवसापासून तो 'वजिराचा डाव' झाला. खोलीत कुणीही नवा खेळाडू आला की आधी त्याला तो डाव मांडून दाखवायचा, अशी रीतच पडली. "शेवटपर्यंत सगळं दिसलं होतं का हो?" असं कुणी विचारलं की दौलतराव मान हलवून हो म्हणत. त्यांना तसं मनापासून वाटतही असे.

सत्त्याऐंशी साली उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या गोप लालवानीच्या मेव्हण्याने सिंगापूरहून बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र आणलं. पाटाएवढं होतं, चाल केली की लाल दिवा लागायचा. गोपचं तेव्हा रेडिओ आणि टेपरेकॉर्डरचं दुकान होतं. त्याने ते कौतुकाने वाचनालयात आणून ठेवलं. दौलतरावांनी त्याला लागोपाठ दोनदा हरवलं आणि दुसऱ्या डावात तर मधेच उठून ते चहा पिऊन आले. गोप म्हणाला, "अंकल, इसको तो आपने कचरा कर दिया!" मग काय, वजिराच्या डावाच्या जोडीला ही गोष्टही गावभर झाली.

या दोन्ही गोष्टी सगळ्यात रंगवून सांगत हिंदुराव. स्टेशनजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि रविवारच्या खोलीचे ते आपोआप झालेले अध्यक्ष होते. जुन्या जगज्जेत्यांचे डाव त्यांना तोंडपाठ होते आणि नव्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा राग होता. चावीची घड्याळं जाऊन सेलची आली, तिथूनच तो सुरू झाला असावा.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत पेपरात बातमी आली. अमेरिकेत कॉम्प्युटरने कास्पारोव्हला पहिल्या डावात हरवलं होतं. पुढे सामना कास्पारोव्हनेच जिंकला, पण त्या पहिल्या डावाने खोलीतल्या मंडळींची झोप उडवली.

"शेवटी जिंकलं कोण? माणूसच ना?" हिंदुराव म्हणाले. "आणि हा तर आजचा माणूस. कापाब्लांका असता तर पहिलासुद्धा डाव गेला नसता. फिशर असता तर मशीनच्या वायरी जळाल्या असत्या."

"ताल असता तर?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं. "त्यानं दोन घोडे असेच फेकले असते. मशीन नुसतं गरम झालं असतं."

"गरम होत नाही काका, आत पंखा असतो," दारातून आवाज आला.

दारात मीनल होती, दौलतरावांची मुलगी. पुढच्या दालनात पुस्तक बदलायला आली होती आणि वाद ऐकून थांबली होती. बी.कॉम. झाल्यावर ती गोप लालवानीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागली होती. रेडिओचं दुकान मोडून गोपने आता तो क्लास काढला होता.

"फेकलेला घोडा त्याला फुकटचा घोडा दिसतो," मीनल म्हणाली. "खायचा आणि पुढचं मोजायचं. ताल ज्यांना घाबरवायचा, ती माणसं होती. मशीनला कोण घाबरवणार?"

"घाबरवायचं कशाला? त्याला सुचतच नाही, हा मुद्दा आहे," हिंदुराव म्हणाले. "सगळे जुने खेळाडू बाजूला ठेव. आपले दौलतराव असते, तर त्यांनी काय केलं असतं? वजीर दिला असता! तुझं मशीन देईल का वजीर? विचार जा त्याला. नाही देणार. लिहून देतो."

दौलतराव दोन हातांच्या अंतरावरच बसले होते. आपले दौलतराव असते तर! कापाब्लांका वारला, ताल वारला, त्या पंगतीला हिंदुरावांनी यांनाही नेऊन बसवलं होतं. त्यांना गंमत वाटली, आणि थोडी उत्सुकताही वाटली. घरी जाताना ते मीनलला म्हणाले, "विचारू या का गं खरंच?"

त्याच दुपारी बापलेक चार नंबरात गेले. क्लासला सुट्टी होती. चप्पल बाहेर काढून आत जायचं, एवढा त्या यंत्रांचा मान होता. मीनलने कुणाकडून तरी फ्लॉपीवर आणलेला बुद्धिबळाचा खेळ चालू केला. दौलतरावांनी आठवणीतून एकेक मोहरा सांगितला आणि तिने तो पडद्यावर ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वीचा पट समोर उभा राहिला.

कॉम्प्युटरने वजीर दिला नाही. त्याने तो गुपचूप दोन घरं मागे घेतला.

"बघ," दौलतराव म्हणाले. "हिंदुराव बरोबर होते."

"आता वजीर तुम्ही द्या," मीनल म्हणाली. "सदूकाकांच्या बाजूने त्याला खेळू दे."

त्यांनी वजीर दिला. कॉम्प्युटरने तो क्षणात मारला. त्यांनी घोड्याचा शह दिला. सदूचा राजा इथे कोपऱ्यात परतला होता. कॉम्प्युटरने तो कोपऱ्यात नेला नाही. त्याने राजा पुढे आणला, पटाच्या उघड्या मैदानात, सगळ्या मोहऱ्यांच्या समोर.

दौलतराव हसले. "चुकलं हे."

त्यांनी शह दिला. राजा आणखी एक घर पुढे आला. पुन्हा शह, पुन्हा राजा बाजूला. असे चार-पाच शह झाले आणि मग शहच संपले. राजा त्यांच्या प्याद्यांच्या आडोशाला उभा होता आणि त्यांच्याकडे वजीर नव्हता. पुढच्या काही चालींत डाव संपला.

त्यांनी पट परत मांडायला लावला. उंटाचा शह आधी देऊन पाहिला, हत्ती आधी आणून पाहिला. पुढच्या रविवारी जेवण टाकून पुन्हा गेले. प्रत्येक वेळी राजा पुढे येई आणि प्रत्येक वेळी त्यांचेच मोहरे संपत. गोप मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "छोडो ना अंकल. इसके पास दिमाग थोडी है, सिर्फ हिसाब है."

"हिसाब बरोबर आहे पण," दौलतराव म्हणाले.

कॉम्प्युटर जिंकला याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. जिंकणारच, त्यासाठीच तो केला होता. त्यांना राहून राहून ते घर दिसत होतं. राजाच्या पुढचं ते घर तेव्हाही तसंच मोकळं होतं, शेदीडशे माणसांच्या डोळ्यांसमोर. तिथे राजा नेला तर काय, हे आपण तेव्हा पाहिलं होतं का? ते आठवायचा प्रयत्न करत. हॉलचा पंखा आठवे, सदूच्या शर्टाचं तुटलेलं बटण आठवे, पण ते घर पाहिल्याचं काही केल्या आठवेना.

"अहो, भात निवतोय," त्यांची बायको मालिनीबाई म्हणाल्या.

"सदू जिंकायला हवा होता."

"कधी?"

"एकाहत्तरला."

मालिनीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्न होऊन ज्या घरात त्या आल्या, तिथे त्या सामन्याचा कप आधीपासून फळीवर होता. "मग जाऊन सांगा की त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांचं आहे ते त्यांना कळू दे."

सदू भोईर आता नदीकाठच्या मळ्यात दुधी आणि वांगी काढत होता. त्याआधी अठरा-वीस वर्षं तो अंबरनाथला एका रंगाच्या कंपनीत होता. ती नोकरीही त्याला त्या डावानेच दिली होती. कंपनीचा एक साहेब बुद्धिबळाचा शौकीन होता. 'वजीर देऊन ज्याला मारला तो तूच का?' असं विचारून त्याने सदूला कंपनीच्या संघात घेतलं आणि पाठोपाठ कामावरही लावलं. जिंकलेल्या दौलतरावांना एक कप मिळाला होता. कंपनी बंद पडल्यावर सदू परत मळ्यात गेला, पण लग्नकार्यात, गावजेवणात तो डाव सांगायचं त्याने सोडलं नव्हतं. "वजीर दिला हो यानं! देव जरी बसला असता ना माझ्या जागी, तरी मेला असता." हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

दौलतराव पोचले तेव्हा तो ओट्यावर टोपली विणत होता. अंजनी, त्याची बायको, पाणी घेऊन आली. "भाऊजी, वाट कशी चुकलात?"

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग दौलतरावांनी पट मागितला. सदूने आनंदाने आणला, त्याला वाटलं खेळायचंय. दौलतरावांनी तोच डाव मांडला. वजीर दिला, घोड्याचा शह दिला आणि सदूचा राजा उचलून कोपऱ्याऐवजी पुढे ठेवला.

"आता मला जिंकून दाखव," ते म्हणाले.

सदूने पटाकडे पाहिलं. "असा राजा पुढं कोण नेतो? येडा हायस का?"

"कॉम्प्युटर नेतो."

सदू पुढे सरकला. आता तो दौलतरावांच्या बाजूने खेळू लागला. शह देत गेला. शह संपले. त्याने पट पुन्हा मांडला, पुन्हा तेच. अंजनीने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. बऱ्याच वेळाने सदूने मोहऱ्यांवरून हात काढून घेतला.

"म्हणजे मी जिंकत होतो."

"हो."

"आणि मला दिसलं नाय."

"मलाही नाही दिसलं, सदू."

दौलतरावांना वाटलं होतं, हा खूश होईल. निदान दोन शिव्या देऊन हसेल. पण सदू टोपलीची एक काडी घेऊन तिला वाकवत बसला.

"तू कशाला आलास रे हे सांगायला?" तो शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं मी काय सांगतोय लोकांना? का माझ्यावर असा वजीर पडला, का त्याला उत्तरच नव्हतं. आता काय सांगू? उत्तर समोर होतं आणि मी गाढवासारखा कोपऱ्यात जाऊन बसलो?"

"खरं ते खरं."

"तुझं काय जातंय? तू जिंकलास तो जिंकलासच. जातंय ते माझं." त्याने पट आवरायला घेतला. "कुणाला बोलू नको."

दौलतरावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अंजनीने बांधून दिलेले दोन दुधी घेऊन ते परत आले.

वर्षभर ते काही बोलले नाहीत. रविवारी खोलीत जात राहिले. हिंदुराव नव्या पोरांना वजिराचा डाव दाखवत, घोड्याच्या शहापाशी आले की थांबून म्हणत, "आता राजाला एकच जागा!" दौलतराव तेव्हा पेपर उघडत. खिडकीजवळ ऊन येतं म्हणून त्यांनी खुर्चीही बदलली. त्यांच्या जुन्या खुर्चीत मग पेपरांची थप्पी पडू लागली.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात कास्पारोव्ह हरला. या वेळी एक डाव नव्हे, पुरता सामनाच गेला. हिंदुरावांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. आठवड्याभरात त्यांनी वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये जाहीर चर्चा ठरवली, 'जुने जगज्जेते यंत्रासमोर टिकले असते काय?' फळ्यावर तसा खडूने मथळाही काढला. दौलतराव आणि सदू या दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. सदू सफारी घालून, सून उमाला बरोबर घेऊन आला. दौलतरावांशी तो दोन शब्द बोलला, तेही मालिनीबाईंच्या तब्येतीचे.

चर्चा चांगली झाली. एक रेल्वेतले गृहस्थ म्हणाले, जुन्यांना आजची पुस्तकं आणि सहा महिने द्या, मग बोला. कुणी म्हणालं, यंत्र थकत नाही हाच खरा अन्याय. मीनललाही बोलायला दिलं. ती म्हणाली, तुम्ही सायकलवाल्याची आणि ट्रकची शर्यत लावताय, सायकलवाला जुना की नवा याने काय फरक पडतो? लोक हसले, काहींनी टाळ्याही दिल्या.

मग हिंदुराव उठले. भिंतीवर टांगलेल्या मोठ्या पटावर त्यांनी वजिराचा डाव लावला होता.

"सगळं मोजता येतं, हिंमत मोजता येत नाही," ते म्हणाले. "हा वजीर बघा. मी वर्षापूर्वी या मुलीला म्हणालो होतो, तुझ्या यंत्राला विचार. मीनल, विचारलंस का? काय म्हणालं तुझं यंत्र? सांग सगळ्यांना."

मीनल उभी राहिली. तिने वडिलांकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. "विचारलं होतं," ती म्हणाली आणि थांबली.

हॉल तिच्याकडे बघत होता. पोरीला खोटं बोलायला लावायचं की उत्तर न देता उभं ठेवायचं, एवढंच उरलं होतं. दौलतराव खांद्यावरची शाल सावरत उठले.

"मी सांगतो. यंत्राने वजीर दिला नाही, कारण तो द्यायचा नव्हता. तो डाव मी खरं तर हरलो होतो." ते मोठ्या पटापाशी गेले आणि त्यांनी राजा पुढच्या घरात ठेवला. "इथे. हे ना मला दिसलं, ना सदूला. आज मी तरुण असतो, तरी मला दिसलं नसतं. यंत्रासमोर मी टिकलो नसतो. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

मग चारी बाजूंनी एकदम गलका झाला. दोघेतिघे पटाकडे धावले. हिंदुराव म्हणाले, "दौलतराव, तुम्ही दमलाय, बसा," आणि त्यांनी राजा परत कोपऱ्यात नेऊन ठेवला. कुणीतरी तो पुन्हा पुढे काढला.

तेव्हा सदू उठला. तो काय बोलणार याची दौलतरावांना धास्तीच वाटली.

"मी बोलू का?" सदू म्हणाला. "माझा राजा हाय तो. मला दिसलं नाय, असं दौलत बोलतो. त्याला काय म्हायती? मला दिसलं होतं ते घर. राजाला बोट पण लावलं होतं मी. मग मी याच्या तोंडाकडं बघितलं. हा असा बसला होता, जसा काय माझा राजा कुठं पण गेला तरी याच्या खिशातच हाय. माझी छाती नाय झाली. मी मागं गेलो." त्याने हॉलभर नजर फिरवली. "मशीनसमोर हरला असंल तो वजीर. माझ्यासमोर नाय हरला. तिथं मी बसलो होतो, मशीन नव्हतं बसलं."

एवढ्या टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कुणाला पडल्या नाहीत. हिंदुरावांनी तर सदूला मिठीच मारली. दौलतराव हळूच आपल्या जागेवर जाऊन बसले. वाद ते हरले होते हे उघड होतं, आणि मालिनीबाई त्यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

कार्यक्रमानंतर सदू आणि उमा त्यांच्याकडेच जेवायला आले. वाटेत बाया पुढे झाल्या, हे दोघे मागे राहिले. दौलतरावांच्या डोळ्यांसमोर एरंजाडचा ओटा होता. 'असा राजा पुढं कोण नेतो?' तिथे सदूच्या चेहऱ्यावर जे होतं ते सोंग नव्हतं, अशी त्यांची खात्री होती. पण हॉलमध्ये बोलतानाही त्याचा आवाज कुठे अडखळला नव्हता. शिवाय आपण तेव्हा कसे दिसत होतो, हे दौलतरावांना कुठून कळणार?

"सदू," ते म्हणाले, "खरंच पाहिलं होतंस ते घर?"

सदूने खांद्यावरची शाल काढली, तिची घडी घातली आणि ती नारळासकट पिशवीत कोंबली.

"ऊन काय लागतंय," तो म्हणाला. "ती आमची उमा हाय ना, तिला तुझ्या मीनलसारखं ते कॉम्प्युटरचं शिकायचंय. घरात कुणाचं ऐकत नाय. दहावीवर घेतात का रे तिथं?"

"घेत असतील," दौलतराव म्हणाले. "मीनललाच विचारू."

दोघे सावलीच्या बाजूने चालू लागले. उमा पुढे केव्हाच मीनलच्या बरोबरीने चालत होती आणि तिला काहीतरी विचारत होती. पुढच्या सोमवारी ती चार नंबरातल्या क्लासला गेली.